आरएनए-बंधक प्रथिने आणि रोगप्रतिकारक पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोगप्रतिकारक पेशी कशा जाग्या होतात यावर भरपूर लिहिले गेले आहे. त्या वेळेवर कशा थांबतात यावर त्या मानाने फारच कमी. थांबवण्याच्या या कामात आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांचा वाटा फार मोठा आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि दाहाच्या आजारांविषयी वाचणाऱ्या जिज्ञासूंना त्याविषयी पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

आरएनए-बंधक प्रथिने म्हणजे कोणती प्रथिने?

जनुकातील माहिती संदेशवाहक आरएनएच्या, म्हणजेच एम-आरएनएच्या, मार्फत प्रथिनापर्यंत पोहोचते, हे शाळेतच शिकवले जाते. तेथे सहसा सांगितले जात नाही ते हे, की पेशीतला एम-आरएनए कधीच एकटा नसतो. डीएनएवरून त्याची प्रत निघत असतानाच त्याच्यावर प्रथिने येऊन बसू लागतात आणि तो मोडला जाईपर्यंत त्यांची ये-जा चालू राहते. नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडणे, टोकाला ॲडेनिनची लांब शेपूट लावणे, केंद्रकातून पेशीद्रव्यात पाठवणे, रायबोसोमपर्यंत पोहोचू देणे किंवा वाटेतच रोखणे आणि अखेरीस नष्ट करणे, ही सर्व कामे याच प्रथिनांच्या हातून होतात. मानवी जीनोममध्ये अशा प्रथिनांची दीड हजारांच्या आसपास जनुके ओळखली गेली आहेत.

आरएनए पकडण्यासाठी या प्रथिनांत ठरावीक घडणीचे भाग असतात. सर्वाधिक आढळणारा भाग सुमारे ९० अमिनो आम्लांचा असून तो आरआरएम या नावाने ओळखला जातो. त्याखेरीज केएच नावाचा भाग आणि जस्ताच्या अणूभोवती वळलेली झिंक फिंगर हेही नेहमी भेटतात. यांतील एकेक भाग मोजकेच न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएची अक्षरे, वाचू शकतो. म्हणून पुष्कळ प्रथिनांत असे दोन-तीन भाग शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्या एकत्रित पकडीतून नेमकेपणा येतो.

जनुक बंद केले की काम भागत नाही का? हा आणखी एक थर कशासाठी?

भागत नाही, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म येथेच आहे. जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे एम-आरएनएची नवी प्रत काढणे, थांबले तरी आधी तयार झालेले एम-आरएनए पेशीत शिल्लक असतात आणि ते टिकून असेपर्यंत रायबोसोम त्यांच्यावरून प्रथिने बनवतच राहतात. टाकीतील पाण्याची पातळी जशी वरच्या नळाइतकीच तळाच्या गळतीवरही ठरते, तशी एम-आरएनएची पातळी निर्मिती आणि विनाश या दोन्हींवर ठरते. परंतु निर्मितीत बदल झाल्यानंतर ती पातळी किती लवकर नव्या जागी स्थिरावेल, हे मात्र विनाशाचा दरच ठरवतो. अर्ध्या तासाचे अर्धायुष्य असलेला एम-आरएनए घेतला, तर निर्मिती थांबल्यानंतर दोन तासांत त्याचे जेमतेम ६ टक्के रेणू उरतात. अर्धायुष्य आठ तासांचे असेल, तर त्याच दोन तासांनंतर सुमारे ८४ टक्के रेणू शाबूत असतात.

बहुतेक पेशींना हा फरक सोसतो. रोगप्रतिकारक पेशींना तो सोसत नाही, कारण त्या जी द्रव्ये सोडतात ती जंतूंइतकीच स्वतःच्या शरीरालाही घातक ठरू शकतात. टीएनएफ हे सायटोकाइन, म्हणजे पेशींमधला निरोप नेणारे प्रथिन, संसर्गाच्या पहिल्या काही तासांत जीव वाचवते. तेच दिवसेंदिवस रेंगाळले तर सांध्यांची कूर्चा झिजवते आणि आतड्यांत व्रण निर्माण करते. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा यांचेही असेच आहे. म्हणून या सर्वांचे एम-आरएनए मुळातच अल्पायुषी असतात, आणि त्यांचे आयुष्य किती हे त्यांच्यावर बसणारी प्रथिने ठरवतात.

शेंगली हाओ आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की टीएनएफने उद्दीपित झालेल्या पेशींत दाहाशी संबंधित जनुके ज्या क्रमाने पुढे येतात त्यामागे त्यांच्या एम-आरएनएच्या टिकाऊपणाचा मोठा हात असतो : जे झटकन वाढतात आणि झटकन ओसरतात ते अल्पायुषी, जे सावकाश साचत जातात ते दीर्घायुषी. दाहाचे वेळापत्रक असे बऱ्याच अंशी आरएनएच्या रचनेतच लिहिलेले असते.

कोणत्या आरएनएवर बसायचे हे प्रथिनाला कसे कळते?

एम-आरएनएच्या ज्या भागावरून प्रथिन बनते त्याच्या पुढे एक अभाषांतरित, म्हणजे प्रथिनात न उतरणारे, शेपूट असते (हे वर आलेल्या ॲडेनिनच्या शेपटीहून वेगळे) आणि नियंत्रणाच्या बहुतेक खुणा या शेपटात असतात. १९८६ मध्ये ग्रे शॉ आणि रॉबर्ट कॅमेन यांनी एक सुबक प्रयोग केला. जीएम-सीएसएफ या सायटोकाइनच्या शेपटातील, ॲडेनिन आणि यूरासिल यांनी गजबजलेला ५१ न्यूक्लिओटाइडचा तुकडा त्यांनी सशाच्या बीटा-ग्लोबिन जनुकात बसवला. ग्लोबिनचा एम-आरएनए अत्यंत टिकाऊ असतो. तो तुकडा जोडताच तो झपाट्याने नष्ट होऊ लागला. त्याच वर्षी टीएनएफसह इतर दाहकारक रेणूंच्या एम-आरएनएमध्येही अशाच प्रकारचा क्रम सापडला. तेव्हापासून या खुणांना एयू-समृद्ध घटक म्हटले जाते. एयूयूयूए हा पाच अक्षरांचा क्रम त्यांत वारंवार, अनेकदा एकमेकांवर आलेला, दिसतो.

दुसऱ्या प्रकारची खूण अक्षरांच्या क्रमापेक्षा आकारावर अवलंबून असते. आरएनएचा धागा स्वतःवरच दुमडून हेअरपिनसारखी घडी तयार होते आणि तिच्या माथ्यावर तीन न्यूक्लिओटाइडचा लहानसा फास राहतो. रोक्विन आणि रेग्नेज-१ ही प्रथिने अशा घड्या ओळखतात. टीएनएफच्या शेपटात तर एयू-समृद्ध घटक आणि अशी घडी, दोन्ही आहेत. म्हणजे या एकाच संदेशावर एकापेक्षा अधिक पहारेकरी नेमलेले आहेत.

टीटीपी या प्रथिनाचा इतका उल्लेख का होतो?

ट्रिस्टेट्राप्रोलिन, म्हणजे टीटीपी, हे या क्षेत्रातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्रथिन आहे आणि त्याची कथा तर्कशुद्ध संशोधनाचा नमुना म्हणून सांगण्याजोगी आहे. त्याच्या जनुकाचे नाव झेडएफपी३६. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना येथील पेरी ब्लॅकशियर यांच्या गटाने १९९६ मध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. जन्मतः ते निरोगी दिसत. मात्र लवकरच त्यांचे वजन घटू लागे, सांधे झिजवणारा संधिवात होई, त्वचेला दाह होई आणि रक्तात स्वतःच्याच केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे आढळत. इतकी वेगवेगळी लक्षणे पाहून कारणेही अनेक असतील असे वाटले असते. परंतु टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड लहान वयातच दिले तेव्हा यांतील जवळपास सर्व लक्षणे टळली.

१९९८ मध्ये त्यामागची यंत्रणा उलगडली. टीटीपी टीएनएफच्या एम-आरएनएवरील एयू-समृद्ध घटकाला थेट चिकटते आणि त्याचा विनाश घडवते. टीटीपी नसलेल्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींत हा एम-आरएनए दीर्घकाळ टिकून राहतो. त्यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. टीटीपी स्वतः आरएनए कापत नाही. त्याच्या दोन झिंक फिंगर आरएनएला धरतात आणि प्रथिनाचा दुसरा भाग सीसीआर४-नॉट नावाच्या मोठ्या प्रथिनसंकुलाला बोलावतो. हे संकुल ॲडेनिनची शेपूट टोकाकडून कुरतडत नेते. शेपूट आखूड झाली की दुसऱ्या टोकाची संरक्षक टोपी निघते आणि मग दोन्ही बाजूंनी एम-आरएनएचा फडशा पडतो.

पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, या गोष्टीची दुसरी बाजू समोर आली. टीटीपीला हात न लावता टीएनएफच्या जनुकातून केवळ एयू-समृद्ध घटक काढून टाकलेल्या उंदरांना संधिवात आणि क्रोन आजारासारखा आतड्याचा दाह झाला. पहारेकरी हटवला काय किंवा त्याची उभे राहण्याची जागा हटवली काय, परिणामाची दिशा एकच. प्रथिन तयार करणाऱ्या सूचनेतील एकही अक्षर न बदलता गंभीर आजार होऊ शकतो, हे या उंदरांनी ज्या स्पष्टतेने दाखवले तसे क्वचितच पाहायला मिळते.

टीटीपी असताना दाह सुरूच कसा होतो?

हा प्रश्न योग्य आहे, कारण जिवाणूच्या घटकाने मॅक्रोफेज उद्दीपित झाली की टीएनएफसोबत टीटीपीदेखील तयार होऊ लागते. ब्रेक आणि गती एकाच वेळी वाढत असतील तर पेशी पुढे जाणार कशी? याचे उत्तर फॉस्फेटमध्ये आहे. संसर्गाची खूण मिळताच पी३८ नावाचे काइनेज (फॉस्फेट गट जोडणारे विकर) जागृत होते, ते एमके२ या दुसऱ्या काइनेजला चालना देते आणि एमके२ टीटीपीवरील सेरीन या अमिनो आम्लाच्या दोन जागांना फॉस्फेट गट जोडते. उंदरांच्या टीटीपीत त्यांचे क्रमांक ५२ आणि १७८ आहेत. फॉस्फेट लागलेले टीटीपी १४-३-३ या प्रथिनांना चिकटते आणि त्याची विनाशक्षमता मंदावते. याच अवस्थेत ते स्वतः मात्र पेशीत जास्त टिकते, म्हणून दाह चढत असताना निष्क्रिय टीटीपीचा साठा हळूहळू वाढत जातो. पुढे पी३८चा संकेत ओसरतो, फॉस्फटेज विकरे ते फॉस्फेट काढतात आणि आधीच जमलेला साठा एकदम कामाला लागतो. थांबवण्याची तयारी सुरुवातीलाच करून ठेवणारी ही व्यवस्था आहे.

या दोन सेरीनच्या जागी फॉस्फेट न स्वीकारणारे अमिनो आम्ल बसवलेल्या उंदरांत टीटीपी कायम सक्रिय राहते आणि प्रायोगिक संधिवातापासून त्यांना संरक्षण मिळते. टीटीपीच्या स्वतःच्या एम-आरएनएवरही एयू-समृद्ध घटक आहे, म्हणजे ते स्वतःलाही आवर घालते. तो घटक काढून टीटीपीची पातळी वाढवली तेव्हाही उंदरांमधील दाहाचे आजार सौम्य झाले.

रोक्विन आणि रेग्नेज-१ यांचे काम टीटीपीहून वेगळे आहे का?

उद्देश सारखा आहे, पद्धत आणि पेशी वेगळ्या आहेत. रोक्विनचा शोध उलट दिशेने लागला. ऑस्ट्रेलियात कॅरोला विनुएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रसायनाने यादृच्छिक उत्परिवर्तने घडवलेल्या उंदरांमध्ये ल्यूपससारखा (स्वतःच्याच शरीरावर हल्ला करणारा) आजार असलेला एक वंश शोधला आणि २००५ मध्ये त्याचे कारण जाहीर केले : तोवर अनोळखी असलेल्या एका प्रथिनात १९९व्या स्थानी मेथिओनिनच्या जागी आर्जिनिन आले होते. या उंदरांत बी पेशींना मदत करणाऱ्या फॉलिक्युलर हेल्पर टी पेशींची संख्या बेसुमार वाढलेली असते आणि त्यांच्या मदतीने स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. रोक्विन आयकॉस आणि ओएक्स४० या टी पेशींच्या ग्राहकांचे (रिसेप्टरचे) एम-आरएनए दाबून ठेवते. ती पकड सैल झाली की टी पेशींना प्रमाणाबाहेर उत्तेजन मिळते.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती शिकवताना वगळू नये. रोक्विन-१ पूर्णपणे काढून टाकले तर तसा ल्यूपससारखा आजार होत नाही, कारण त्याचे भावंड असलेले रोक्विन-२ त्याची जागा घेते. बिघडलेले रोक्विन-१ मात्र आरएनएवरची जागा अडवून बसते आणि भावंडालाही काम करू देत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. म्हणजे बिघडलेला पहारेकरी गैरहजर पहारेकऱ्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

रेग्नेज-१ची ओळख २००९ मध्ये जपानमधील शिझुओ अकिरा यांच्या गटाने करून दिली. टीटीपी आणि रोक्विन इतरांना बोलावतात. रेग्नेज-१ मात्र स्वतःच आरएनए कापणारे विकर आहे. इंटरल्यूकिन-६ आणि इंटरल्यूकिन-१२ यांचे एम-आरएनए ही त्याची प्रमुख लक्ष्ये होत. ते नसलेल्या उंदरांना तीव्र रक्तक्षय आणि स्वप्रतिकार आजार होतो आणि त्यांतील बहुतेक १२ आठवड्यांच्या आत मरतात.

रोक्विन आणि रेग्नेज-१ एकाच प्रकारच्या हेअरपिन घड्या ओळखतात, मग दोघांची गरज का, असे विचारले जाते. २०१५ मधील संशोधनाने त्याचे चांगले उत्तर दिले. ज्या एम-आरएनएवर रायबोसोम प्रत्यक्ष काम करत आहेत त्यांना रेग्नेज-१, यूपीएफ१ या प्रथिनाच्या साहाय्याने, हाताळते. ज्यांचे भाषांतरण, म्हणजे ज्यांच्यावरून प्रथिन बनणे, थांबलेले आहे त्यांना रोक्विन हाताळते. त्यामुळे पहिल्याचा प्रभाव दाहाच्या सुरुवातीच्या टप्प्यात आणि दुसऱ्याचा नंतरच्या टप्प्यात अधिक जाणवतो.

हे दोन्ही ब्रेक तात्पुरते काढण्याची सोयही पेशीत आहे. मॅक्रोफेजमध्ये संसर्गाचा संकेत आला की आयकेके हे काइनेज रेग्नेज-१वर फॉस्फेट लावते आणि ते प्रथिन प्रोटिअसोम या प्रथिने मोडणाऱ्या संकुलात नष्ट होते. टी पेशीच्या ग्राहकाने प्रतिजन (जंतूचा किंवा परका अंश) ओळखले की माल्ट१ हे प्रोटिएज, म्हणजे प्रथिन कापणारे विकर, रेग्नेज-१ला आणि रोक्विनला कापून टाकते. टी पेशी जागी होणे म्हणजे नवी जनुके चालू होणे एवढेच नव्हे. आधीपासून बसलेले हे पहारे उठवणे हाही त्याचाच भाग आहे.

सर्वच आरएनए-बंधक प्रथिने आरएनए नष्ट करतात का?

मुळीच नाही. एचयूआर हे प्रथिन तीन आरआरएमच्या साहाय्याने एयू-समृद्ध आणि यूरासिल-समृद्ध भागांना चिकटते आणि साधारणपणे त्या एम-आरएनएला टिकवून धरते. एआरआयडी५ए हे प्रथिन इंटरल्यूकिन-६च्या एम-आरएनएला चिकटून रेग्नेज-१चा परिणाम रोखते. टीआयए-१ तिसराच मार्ग अवलंबते : ते टीएनएफचा एम-आरएनए मोडत नाही, त्याचे भाषांतरण दाबते. त्यामुळे एखाद्या एम-आरएनएचे भवितव्य त्या क्षणी कोणती प्रथिने, किती प्रमाणात आणि कोणत्या रासायनिक अवस्थेत हजर आहेत, यावर ठरते.

स्मृती टी पेशी दुसऱ्या संसर्गाला इतक्या लवकर प्रतिसाद कसा देतात?

स्मृती टी पेशींत इंटरफेरॉन-गॅमाचा एम-आरएनए आधीच तयार करून ठेवलेला असतो. तो सतत वाचला गेला तर शरीरात कायमचा दाह राहील. २०१८ मध्ये असे दिसून आले की टीटीपीच्याच कुटुंबातील झेडएफपी३६एल२ हे प्रथिन या तयार एम-आरएनएवर बसून त्यापासून प्रथिन बनू देत नाही. प्रतिजन पुन्हा भेटल्यावर हा अटकाव दूर होतो आणि प्रतिलेखनाची वाट न पाहता सायटोकाइन बाहेर पडू लागते. पेशीची तत्परता आणि तिचा संयम या दोन्ही गोष्टी येथे एकाच प्रथिनावर अवलंबून आहेत, आणि मला हे या विषयातील सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

याच्याच जोडीला २०१३ मधील एक निष्कर्ष सांगायला हवा. ग्लुकोजच्या विघटनातील जीएपीडीएच हे विकर, ज्याला आपण केवळ चयापचयाचे साधन समजतो, तेही आरएनएला चिकटते. टी पेशीत ग्लुकोजचे विघटन जोरात चालू असताना ते त्या कामात गुंतलेले असते. विघटन मंदावले की ते मोकळे होते आणि इंटरफेरॉन-गॅमाच्या एम-आरएनएवर बसून त्याचे भाषांतरण अडवते. ग्लुकोजची चणचण असलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत), टी पेशी का निस्तेज होतात याचा एक धागा येथे सापडतो.

ही प्रथिने केंद्रकातही काम करतात का?

होय, आणि तेथील दोन उदाहरणे रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात, जरी त्यांच्याकडे या नजरेने क्वचितच पाहिले जाते. पहिले उदाहरण सीडी४५चे. अननुभवी टी पेशी या प्रथिनाचा आरए हा लांब प्रकार वापरतात आणि स्मृती टी पेशी आरओ हा आखूड प्रकार. प्रयोगशाळेत दोन्ही पेशी वेगळ्या ओळखण्याची रूढ पद्धत याच फरकावर उभी आहे. जनुक तेच राहते; ४, ५ आणि ६ क्रमांकाचे एक्सॉन (एम-आरएनएत जोडले जाणारे तुकडे) ठेवायचे की गाळायचे, एवढाच प्रश्न असतो. ते गाळण्यात एचएनआरएनपी-एलएल या आरएनए-बंधक प्रथिनाचा निर्णायक हात आहे, हे २००८ मध्ये सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण बी पेशींचे. विश्रांत बी पेशी आयजीएम प्रतिपिंड आपल्या पटलावर रोवून ठेवते. प्लाझ्मा पेशी झाल्यावर तेच प्रतिपिंड ती रक्तात सोडते. एम-आरएनएचा धागा अलीकडच्या जागी तोडून ॲडेनिनची शेपूट लावली तर स्रवणारा प्रकार मिळतो, पलीकडच्या जागी तोडला तर पटलावरचा. बी पेशी सक्रिय होताना सीएसटीएफ-६४ या प्रथिनाचे प्रमाण वाढते आणि निवड अलीकडच्या जागेकडे झुकते.

एचयूआरचेही केंद्रकात वेगळे काम आहे. बी पेशींत ते नसेल तर क्रेब्ज चक्रातील एका विकराच्या एम-आरएनएचे स्प्लायसिंग (तुकडे कापून जोडणे) बिघडते, पेशीला ऊर्जा कमी पडते आणि ती जननकेंद्रातील, म्हणजे बी पेशी झपाट्याने वाढतात त्या जागेतील, धावपळीत तग धरत नाही.

विषाणूंचा आरएनए ओळखणारी प्रथिने याच गटात मोडतात का?

व्याख्येने होय. आरआयजी-आय हे प्रथिन टोकाला तीन फॉस्फेट असलेला दुहेरी आरएनए ओळखते आणि एमडीए५ लांब दुहेरी आरएनए ओळखते. दोन्हींच्या संकेतातून इंटरफेरॉन तयार होते. अडचण अशी की आपल्या पेशींतही काही दुहेरी आरएनए असतात. एडीएआर१ हे विकर त्यांतील ॲडेनोसिनचे इनोसिन करून त्यांची दुहेरी रचना सैल करते आणि एमडीए५ची दिशाभूल टाळते. मानवात एडीएआर१मध्ये दोष असेल तर आयकार्डी-गुटिएर या बालपणीच गाठणाऱ्या गंभीर आजाराचा एक प्रकार होतो, ज्यात विषाणू नसतानाही इंटरफेरॉन सतत स्रवत राहते.

सूक्ष्म आरएनए आणि आरएनएवरील रासायनिक खुणा यांचा येथे संबंध कसा येतो?

सूक्ष्म आरएनए (मायक्रोआरएनए) एकटे काही करत नाहीत. ते आर्गोनॉट या आरएनए-बंधक प्रथिनात बसून त्याला लक्ष्य दाखवतात. एम६ए या मिथाइल खुणेचेही तसेच : वायटीएच कुटुंबातील प्रथिने ती वाचतात आणि बऱ्याचदा त्या एम-आरएनएचा विनाश घडवतात. २०१७ मध्ये उंदरांच्या टी पेशींत ही खूण लावणारे विकर काढले तेव्हा सॉक्स कुटुंबातील प्रतिबंधक प्रथिनांचे एम-आरएनए जास्त टिकले आणि त्या पेशी नेहमीसारख्या वाढून परिपक्व होईनात.

माणसांत या प्रथिनांच्या बिघाडामुळे कोणते आजार होतात?

उंदरांतील चित्र जितके ठळक आहे तितके माणसांतील नाही, आणि हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. रोक्विन-१चे जनुक दोन्ही प्रतींत अकाली खंडित झाल्यामुळे वारंवार उफाळणारा तीव्र दाह झाल्याचे २०१९ मध्ये नोंदवले गेले. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तरात रेग्नेज-१च्या जनुकातील कायिक (जन्मानंतर शरीराच्या पेशींत घडलेली) उत्परिवर्तने असलेल्या पेशींचे समूह २०२० मध्ये आढळले. उंदरांच्या थायमसमधून झेडएफपी३६एल१ आणि एल२ ही दोन्ही प्रथिने एकत्र काढली असता टी पेशींचा रक्ताचा कर्करोग होतो, म्हणून या कुटुंबाकडे कर्करोगाच्या दृष्टीनेही पाहिले जाते.

आणखी एका बाजूने हा विषय रुग्णालयात रोज भेटतो. शोग्रेन आजार आणि ल्यूपस यांच्या निदानासाठी ज्या रो आणि ला प्रतिपिंडांची तपासणी होते, त्यांची लक्ष्ये असलेली रो आणि ला ही आरएनए-बंधक प्रथिनेच आहेत.

या ज्ञानाचा उपचारांत उपयोग होतो का?

नकळत तो फार पूर्वीपासून होत आला आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधे दाह कमी करतात त्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांतील एक असे की ती टीटीपीचे प्रमाण वाढवतात आणि डीयूएसपी१ या फॉस्फटेजचेही. डीयूएसपी१ पी३८ला निष्क्रिय करते आणि त्यामुळे टीटीपी कामाला मोकळे होते.

मग पी३८लाच थेट रोखले तर अधिक चांगले, असे वाटणे स्वाभाविक होते. संधिवातावर अशा औषधांच्या चाचण्या झाल्या, पण परिणाम निराशाजनक ठरले : रक्तातील सीआरपी हा दाहाचा निर्देशक सुरुवातीला उतरे आणि काही आठवड्यांत पुन्हा चढे. पी३८ दाह वाढवणाऱ्या मार्गांसोबतच तो आवरणाऱ्या काही मार्गांनाही चालना देते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. त्यामुळे आता काइनेजऐवजी फॉस्फटेजला चालना देऊन टीटीपी सक्रिय ठेवण्याच्या कल्पनेवर काम चालू आहे. रेग्नेज-१ स्वतःच्या एम-आरएनएवरील हेअरपिन घड्या ओळखून स्वतःची पातळी कमी ठेवते. त्या घड्या कृत्रिम न्यूक्लिइक आम्लाने मोडून ही पातळी वाढवण्याचा मार्ग उंदरांत यशस्वी झाला आहे. माल्ट१ला रोखणाऱ्या औषधांचाही विकास चालू आहे.

कर्करोगात गरज नेमकी उलटी असते, कारण तेथे टी पेशींचा ब्रेक काढायचा असतो. २०१९ मध्ये रेग्नेज-१ काढलेल्या सीडी८ टी पेशी अर्बुद असलेल्या उंदरांना दिल्या, तेव्हा त्या अधिक काळ टिकल्या आणि अर्बुदाविरुद्ध अधिक प्रभावी ठरल्या. मात्र येथे सावधगिरीला पर्याय नाही. ज्या ब्रेकशिवाय बहुतेक उंदीर १२ आठवडे जगत नाहीत, तो ब्रेक रुग्णाच्या पेशींतून काढताना त्या पेशी पुढे कशा वागतील यावर दीर्घकाळ लक्ष ठेवावेच लागेल.

एम-आरएनएची पातळी वाढलेली दिसली म्हणजे ते जनुक अधिक सक्रिय झाले, असे मानावे का?

नाही, आणि प्रकाशित लेखांतही हा निष्कर्ष इतक्या सहजपणे काढलेला दिसतो की त्याबद्दल आग्रहाने लिहावेसे वाटते. मोजलेली पातळी निर्मिती आणि विनाश यांचा एकत्रित परिणाम असते. निर्मिती वाढली की विनाश मंदावला हे ओळखण्यासाठी वेगळे प्रयोग करावे लागतात. जुनी पद्धत म्हणजे ॲक्टिनोमायसिन-डी या औषधाने प्रतिलेखन थांबवून उरलेला एम-आरएनए वेळोवेळी मोजणे; पण हे औषध पेशीला इतके हादरवते की टीटीपीसारखी अल्पायुषी प्रथिनेही बदलतात. म्हणून अलीकडे ४-थायोयुरिडिन या बदललेल्या घटकाने नव्या आरएनएवर खूण करून नवा आणि जुना वेगळा मोजणे पसंत केले जाते. एवढी सोय नसेल तर निदान इंट्रॉन (नंतर कापून टाकले जाणारे तुकडे) असलेल्या कच्च्या आरएनएची पातळी पक्क्या एम-आरएनएशी ताडून पाहावी : कच्चा आरएनए न वाढता पक्का वाढला असेल, तर टिकाऊपणात बदल झाल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

कोणते प्रथिन कोठे बसले आहे हे शोधण्यासाठी २००३ पासून क्लिप ही पद्धत वापरली जाते. जिवंत पेशींवर अतिनील किरण टाकून प्रथिन आणि आरएनए जागच्या जागी जोडले जातात, प्रतिपिंडाने ते प्रथिन बाहेर काढले जाते आणि त्याला चिकटलेल्या आरएनएचा क्रम वाचला जातो. ही पद्धत बसण्याची जागा दाखवते, त्या बसण्याचा परिणाम दाखवत नाही. क्लिपमध्ये एखाद्या प्रथिनाच्या हजारो जागा सापडतात. प्रथिन काढून टाकल्यावर मात्र त्यांतील थोड्याच एम-आरएनएची पातळी बदलते. उरलेल्यांचे भाषांतरण बदलले असू शकते, आणि ते तपासण्यासाठी रायबोसोमच्या पाऊलखुणा मोजणारी २००९ मधील पद्धत किंवा थेट प्रथिनांचे मापन वापरावे लागते. झेडएफपी३६एल२चा स्मृती टी पेशींतील अटकाव याच कारणासाठी केवळ एम-आरएनए मोजून कधीच दिसला नसता : संदेश तेथे भरपूर होता, त्यापासून प्रथिन मात्र बनत नव्हते.